नांदूरमध्यमेश्वर पक्षी अभयारण्य : जाण्यापूर्वी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळी उलटून निफाडकडची थंडी जाणवू लागली की नाशिकमधील पक्षिप्रेमींकडे नांदूरमध्यमेश्वरविषयी विचारणा सुरू होते. त्यांतील बरेचसे प्रश्न दर वर्षी तेच असतात. काही प्रश्न मात्र असे असतात की त्यांचे उत्तर चुकले, तर त्याचा भुर्दंड पाहुण्यांना नव्हे, पक्ष्यांना बसतो. ते सारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. शुल्क, वेळा आणि निवासाची सोय या बदलत्या बाबी निघण्यापूर्वी वन विभागाच्या नाशिक येथील वन्यजीव कार्यालयाकडून पडताळून घ्याव्यात.

१. नांदूरमध्यमेश्वर हे धरण आहे की अभयारण्य?

दोन्ही. निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ ब्रिटिश काळात, विसाव्या शतकाच्या सुरुवातीस, एक दगडी बंधारा बांधण्यात आला. वरच्या धरणांतून सोडलेले पाणी येथे अडवून गोदावरीच्या डाव्या आणि उजव्या कालव्यांत वळवले जाते, आणि निफाड, येवला, कोपरगाव, राहाता या भागांतील शेती त्यावर भिजते. बंधाऱ्यामागे पाण्याचा वेग मंदावल्यामुळे दोन्ही नद्यांनी आणलेला गाळ वर्षानुवर्षे साचत गेला. त्याची बेटे झाली, बेटांभोवती उथळ पाणथळ जागा तयार झाल्या, त्यांत लव्हाळे, पाणवनस्पती, गोगलगाई, किडे आणि मासे वाढले आणि त्यांच्यामागोमाग पक्षी आले. १९८६ मध्ये या परिसराला वन्यजीव अभयारण्याचा दर्जा मिळाला. 'महाराष्ट्राचे भरतपूर' ही त्याची ओळख सर्वपरिचित आहे.

२. नाशिकहून कसे जावे? स्वतःचे वाहन नसेल तर काय करावे?

नाशिक शहरापासून अंतर सुमारे ४० किलोमीटर आहे. छत्रपती संभाजीनगर रस्त्याने चांदोरीपर्यंत येऊन सायखेड्यामार्गे किंवा सरळ निफाडवरून, अशा दोन्ही बाजूंनी जाता येते. पर्यटकांचा नेहमीचा प्रवेश आणि निरीक्षण मनोरे चापडगावच्या बाजूला आहेत, त्यामुळे रस्ता विचारताना नुसते नांदूरमध्यमेश्वर न म्हणता चापडगावचे पक्षी अभयारण्य असे विचारावे. अन्यथा आपण थेट बंधाऱ्याजवळच्या गावात पोहोचतो आणि सकाळचा मोलाचा वेळ रस्ता शोधण्यात जातो. एसटीने किंवा रेल्वेने निफाडपर्यंत येणे सोपे आहे, परंतु तेथून पुढे पहाटे सार्वजनिक वाहन मिळण्याचा भरवसा धरू नये. चार-पाच जणांनी मिळून नाशिकहूनच गाडी ठरवणे उत्तम.

३. कोणत्या महिन्यात जावे?

स्थलांतरित पक्ष्यांसाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा मुख्य काळ होय. ऑक्टोबरमध्ये बदकांचे पहिले थवे उतरू लागतात आणि मार्चमध्ये बहुतेक पाहुणे परतीच्या वाटेला लागतात. मार्च ते मे या काळात स्थलांतरित कमी असले तरी स्थानिक पक्षी निवांतपणे पाहता येतात. ज्यांना नव्या जातींची यादी वाढवण्यापेक्षा पक्ष्यांचे वर्तन पाहण्यात रस आहे, त्यांनी उन्हाळ्यातील एखादी पहाट अवश्य राखून ठेवावी. पावसाळ्याविषयी प्रश्न क्रमांक १३ पाहावा.

४. दिवसातील कोणती वेळ चांगली?

सूर्योदयापासून साधारण दहा वाजेपर्यंत आणि दुपारी चारनंतर. भर दुपारी बदके पाण्याच्या मधोमध झोप काढतात आणि उन्हामुळे हवा थरथरत असल्याने दुर्बिणीतूनही आकार स्पष्ट दिसत नाहीत.

५. प्रवेश शुल्क आणि कॅमेऱ्याचे शुल्क वेगळे असते का?

होय. प्रवेश आणि कॅमेरा यांचे शुल्क वेगवेगळे आकारले जाते आणि त्याची पावती मिळते. ग्रामीण भागात मोबाइलचे नेटवर्क ऐन वेळी दगा देऊ शकते, म्हणून थोडी रोख रक्कम जवळ ठेवावी.

६. जलाशयात जी बेटे दिसतात, त्यांवर जाता येते का? होडी मिळते का?

नाही, आणि हा नियम पूर्णपणे योग्य आहे. बेटांवर उतरणे किंवा होडीने त्यांच्याजवळ जाणे पर्यटकांसाठी नाही. पाहणी काठावरून आणि मनोऱ्यांवरूनच करायची असते.

त्याचे कारण समजून घेतले की अंतराचा त्रास वाटेनासा होतो. चहूबाजूंनी पाणी असल्यामुळे भटकी कुत्री, कोल्हे, गुरे आणि माणसे सहसा बेटांपर्यंत पोहोचत नाहीत. हजारो किलोमीटर उडून आलेल्या पक्ष्याला दिवसभर चरल्यावर बिनधोक विसाव्यासाठी अशीच जागा लागते. पट्टकादंब, म्हणजेच डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला बार हेडेड गूज, मध्य आशियातील आणि तिबेटच्या पठारावरील आपल्या विणीच्या प्रदेशातून हिमालय ओलांडून भारतात येतो. येथे तो काठच्या शेतांत आणि गवताळ पट्ट्यांत चरतो व पाण्याजवळ विसावा घेतो. विसावलेला थवा माणसाच्या चाहुलीने एकदा उठला, की त्याची खाऊन मिळवलेली ऊर्जा वाया जाते. हीच गोष्ट दिवसातून अनेकदा घडली, तर परतीच्या प्रवासासाठी अंगात चरबी साठवण्याच्या काळात त्याला मोठा फटका बसतो.

उन्हाळ्यात आणखी एक कारण असते. नदी सुरय हा पक्षी झाडावर घरटे बांधत नाही. नदीतील वाळूच्या उघड्या पट्ट्यांवर आणि बेटांवर नुसता खळगा करून तो अंडी घालतो. वाळूच्या रंगाची ती अंडी पायाखाली येईपर्यंत दिसत नाहीत. पाय पडला नाही तरी धोका टळत नाही, कारण माणूस जवळ आल्यामुळे आईबाप उडाले की तळपत्या उन्हात अंडी थोड्याच वेळात निकामी होऊ शकतात. या पक्ष्याची गणना आज जागतिक पातळीवर धोक्यात आलेल्या जातींमध्ये होते. पाणी उतरून एखाद्या बेटापर्यंत कोरडी वाट तयार झाली असली, तरी ती वाट आपल्यासाठी नाही.

७. मागच्या आठवड्यात मित्राला हजारो पक्षी दिसले, आम्हाला मात्र काहीच दिसले नाही. असे का होते?

सर्वांत जास्त निराशा याच कारणाने होते, म्हणून हे उत्तर थोडे सविस्तर आहे. नांदूरमध्यमेश्वरला काय दिसेल हे तारखेपेक्षा पाण्याची पातळी ठरवते. हा सिंचनासाठी बांधलेला, आजही पूर्णपणे वापरात असलेला बंधारा आहे. वरून पाणी सोडले की पातळी वाढते, कालव्यांना आवर्तन सुटले की ती उतरते, आणि हा चढउतार पक्ष्यांसाठी नव्हे, तर शेतीच्या आणि पिण्याच्या पाण्याच्या गरजेनुसार होत असतो.

प्रत्येक पक्ष्याच्या पायांची आणि चोचीची लांबी पाण्याच्या ठरावीक खोलीशी जुळलेली असते. तुतवार आणि चिखल्या यांना नुकताच उघडा पडलेला ओला चिखल लागतो. शेकाट्या त्याच्या लांब गुलाबी पायांमुळे काही बोटे खोल पाण्यात उतरू शकतो. चमचा आपली पसरट चोच उथळ पाण्यात डावी-उजवीकडे फिरवून भक्ष्य शोधतो, आणि त्यालाही गुडघ्यापेक्षा फार वर पाणी चालत नाही. थापट्या, तलवार बदक, भुवई बदक यांसारखी पृष्ठभागावर चरणारी बदके शेपटी वर करून जेथवर मान पोहोचेल तेथवरचेच अन्न खाऊ शकतात. पाणी वाढून बेटे आणि चिखलाचे पट्टे बुडाले की हे सगळे पक्षी परिसरातील शेते, नाले आणि इतर जलाशयांकडे पांगतात. अशा दिवशी मनोऱ्यावरून विस्तीर्ण पाणी, त्यावरचे पाणकावळे आणि दूरवर वारकऱ्यांचे काळे ठिपके एवढेच दृश्य उरते. चार दिवसांनी पातळी उतरली की तीच जागा पुन्हा गजबजते.

त्यामुळे निघण्यापूर्वी स्थानिक गाइडला फोन करून पक्षी आले का, असे विचारण्याऐवजी पाणी किती आहे आणि चिखल उघडा पडला आहे का, असे विचारावे. पाणी भरलेले असेल, तर जलाशयाऐवजी काठची झाडी, गवत आणि लव्हाळे यांकडे लक्ष द्यावे. वेडे राघू, धोबी, खंड्या, वटवटे, तसेच उंचावरून घिरट्या घालणारे शिकारी पक्षी अशा वेळी अधिक निवांत पाहता येतात.

८. हमखास दिसणारे पक्षी कोणते? फ्लेमिंगो दिसतील का?

हिवाळ्यात आणि पाणी बेताचे असताना जांभळी पाणकोंबडी, वारकरी, हळदी-कुंकू बदक, थापट्या, मोर शराटी, राखी बगळा, जांभळा बगळा, शेकाट्या आणि नदी सुरय हे पक्षी बहुधा भेटतात. चक्रवाक, चमचा, चित्रबलाक, कमळपक्षी आणि दलदलीवर खालून संथ उडत फिरणारा दलदली भोवत्या हेही नेहमीच्या यादीतले. मासा पकडण्यासाठी पाण्यात पाय पुढे करून झेपावणारी मीनखाई घार एकदा पाहिली की विसरता येत नाही. क्रौंचांचे थवे काही हिवाळ्यांत दिसतात.

फ्लेमिंगोंची येथे नोंद होते, परंतु संख्या थोडी असते आणि त्यांचे येणे अनिश्चित असते. केवळ फ्लेमिंगोंसाठी येणाऱ्यांनी ठाण्याच्या खाडीकडे किंवा उजनीकडे जावे. येथे येऊन फ्लेमिंगो नाहीत म्हणून परत फिरणे, हा समोर बसलेल्या असंख्य बदकांवर अन्याय आहे.

९. सोबत काय न्यावे आणि गाइड घ्यावा का?

दुर्बीण आवश्यक आहे, कारण प्रश्न ६ मध्ये सांगितल्याप्रमाणे पक्षी दूर असतात. दुर्बीण नसेल तर गाइड अवश्य घ्यावा, आणि असली तरी घ्यावा असे माझे स्पष्ट मत आहे. परिसरातील गावांतील तरुणांनी हे काम शिकून घेतले आहे. कोणता पक्षी आज कोणत्या बाजूला बसला आहे, हे त्यांच्याइतके कोणालाही माहीत नसते. शिवाय अभयारण्यामुळे गावाला उत्पन्न मिळते, तेव्हाच त्याचे रक्षण गावाला आपले वाटते.

निफाडमध्ये राज्यातील नीचांकी तापमानांची नोंद वारंवार होते आणि पाण्याच्या काठावर ती थंडी अधिक झोंबते, म्हणून पहाटेसाठी स्वेटर, कानटोपी आणि हातमोजे न्यावेत. कपडे मातकट किंवा हिरवट रंगाचे असावेत. पांढरा शर्ट आणि भडक लाल जॅकेट दुरून पक्ष्यांना सावध करतात.

१०. लहान मुले, ज्येष्ठ नागरिक किंवा शाळेची सहल नेता येईल का?

नेता येईल. चालणे फारसे अवघड नाही, मात्र मनोऱ्यांना पायऱ्या आहेत, त्यामुळे गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांनी काठावरून पाहण्याची तयारी ठेवावी. शाळांनी वन विभागाला आधी कळवून परवानगी घ्यावी आणि मुलांचे लहान गट करून त्यांना वेगवेगळ्या ठिकाणी उभे करावे. संपूर्ण वर्ग एकाच मनोऱ्याखाली गोळा झाला की शांतता राखणे शिक्षकांनाही शक्य होत नाही. मुलांना पक्ष्यांची नावे पाठ करायला लावण्यापेक्षा एकाच पक्ष्याकडे दहा मिनिटे पाहून तो काय करतो ते लिहायला सांगितले, तर त्यांना त्यात अधिक गोडी वाटते.

११. छायाचित्रणाचे नियम काय आहेत? ड्रोन उडवता येईल का? पक्ष्याचा आवाज मोबाइलवर वाजवला तर चालेल का?

कॅमेऱ्याचे शुल्क भरून काठावरून छायाचित्रे काढण्यास हरकत नाही. ड्रोनसाठी वन विभागाची परवानगी लागते आणि हौसेसाठी ती मागूही नये. वरून येणारी घरघरती वस्तू बदकांना शिकारी पक्ष्यासारखी वाटते आणि अख्खा जलाशय एकाच वेळी उडतो. विवाहपूर्व छायाचित्रणासाठी आणि रील्ससाठीही विचारणा होते, त्यांना एवढेच सांगणे आहे की नाशिक परिसरात त्यासाठी इतर सुंदर जागा भरपूर आहेत.

आवाज वाजवून पक्ष्याला जवळ बोलावणे टाळावे. आपल्या हद्दीत दुसरा नर शिरला आहे असे समजून पक्षी चारा शोधणे किंवा पिलांना भरवणे सोडून त्या आवाजामागे धावतो. घरट्याची, अंड्यांची किंवा पिलांची छायाचित्रे काढू नयेत, आणि चुकून घरटे दिसले तर त्याचे ठिकाण समाजमाध्यमांवर टाकू नये.

१२. डबा नेता येईल का? हुरडा पार्टी किंवा चूल पेटवणे चालते का? पक्ष्यांना खायला घालावे का?

डबा न्यावा, मात्र तो ठरवून दिलेल्या जागीच खावा आणि कचरा परत घरी आणावा. अभयारण्यात आग पेटवण्यास वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार मनाई आहे, त्यामुळे हुरडा अभयारण्याबाहेरील एखाद्या शेतातच भाजावा. पक्ष्यांना काहीही खायला घालू नये. शेव, पाव आणि फरसाण त्यांच्या पोटासाठी वाईट असतेच, शिवाय उरलेले अन्न कुत्र्यांना आणि कावळ्यांना काठावर आणते आणि पुढे तीच कुत्री पाणकोंबड्यांची पिले खातात. याच कारणास्तव पाळीव कुत्रा सोबत आणू नये.

१३. पावसाळ्यात गेले तर?

टाळावे. गंगापूर, दारणा आणि वरच्या इतर धरणांतून विसर्ग सुरू झाला की ते पाणी नांदूरमध्यमेश्वर बंधाऱ्यातून पुढे जायकवाडीकडे जाते. मोठ्या पुरात सायखेडा आणि चांदोरी परिसरातही पाणी शिरते. अशा काळात पूर पाहण्यासाठी बंधाऱ्यावर गर्दी करणे धोक्याचे आहे. पाऊस बेताचा असेल आणि रस्ते मोकळे असतील, तर कमळपक्षी, टिबुकली यांसारख्या पक्ष्यांची वीण काठावरून पाहता येते, पण त्यासाठी आधी गाइडकडून परिस्थिती जाणून घ्यावी.

१४. तेथे बिबट्या आहे असे ऐकले. भीती आहे का?

निफाड तालुक्यातील उसाच्या शेतांत बिबट्यांचा वावर आहे. दिवसा, गटाने आणि ठरलेल्या वाटेने चालणाऱ्यांना सहसा काही धोका नसतो. अंधार पडण्यापूर्वी बाहेर पडावे, मुलांना हाताशी ठेवावे आणि उसाच्या कडेला एकट्याने थांबू नये.

१५. माणसाने बांधलेल्या बंधाऱ्याला एवढे संरक्षण कशासाठी?

प्रश्न १ मध्ये सांगितल्याप्रमाणे बंधारा माणसाने बांधला, परंतु त्यामागची पाणथळ नदीने घडवली. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील कोरड्या प्रदेशात इतके उथळ, अन्नाने समृद्ध आणि बराच काळ टिकणारे पाणी क्वचितच आढळते. २०१९ मध्ये या पाणथळीचा समावेश रामसर यादीत झाला. जानेवारी २०२० मध्ये त्याची घोषणा झाली आणि नांदूरमध्यमेश्वर हे महाराष्ट्रातील पहिले रामसर क्षेत्र ठरले. २ फेब्रुवारी १९७१ रोजी इराणमधील रामसर शहरात झालेल्या करारावरून ही यादी ओळखली जाते आणि त्यात महत्त्वाच्या पाणथळींची नोंद होते. येथील रामसर क्षेत्र १,४३७ हेक्टरचे आहे आणि तेथे वनस्पती व प्राणी मिळून ५३६ जातींची नोंद आहे. आपल्या देवळालीच्या नावाने ओळखला जाणारा, अतिशय संकटग्रस्त असा देवळाली मिनो हा छोटा मासाही त्या नोंदीत आहे. पाहायला गेलेल्यांपैकी फारच थोड्यांना त्याचे नाव ठाऊक असते, याचे वाईट वाटते.

१६. पाणी हिरवेगार दिसते, ते चांगले लक्षण आहे का?

बहुतेक वेळा नाही. ती जलपर्णी असते, जिला आपल्याकडे पाणवेली म्हणतात. शहरांच्या सांडपाण्यातून आणि शेतांतील खतांतून पाण्यात उतरणाऱ्या नत्र व स्फुरदावर ती झपाट्याने वाढते. तिचा जाड थर झाला की खालच्या पाण्यात प्रकाश पोहोचत नाही, प्राणवायू कमी होतो, मासे मरतात आणि बदकांना उतरायला मोकळे पाणी उरत नाही. कमळपक्ष्यांसारख्या काही पक्ष्यांना तिच्यावर चालता येते, त्यामुळे पाहणाऱ्याला सारे आलबेल आहे असा भास होतो.

गोदावरी नाशिक शहरातून वाहत जाऊनच नांदूरमध्यमेश्वरला पोहोचते. शहरात नदीत जे सोडले जाते, ते खाली या पाणथळीत येते. पाणवेली काढण्याची मोहीम गरजेची असली, तरी वरून सांडपाणी येत राहील तोवर ती दर वर्षी पुन्हा करावी लागेल. म्हणून नाशिककरांनी अभयारण्याची काळजी व्यक्त करताना आपल्या प्रभागातील नाला कोठे उतरतो, हेही महापालिकेला विचारले पाहिजे.

१७. अभयारण्यात शेती आणि गावे आहेत, मग निर्बंध फक्त पर्यटकांवरच का?

घोषणेच्या वेळी अभयारण्याचे क्षेत्र सुमारे १०० चौरस किलोमीटर होते आणि त्यात वस्ती असलेली गावे व शेतजमिनी येतात. राष्ट्रीय उद्यान आणि अभयारण्य यांत कायद्याने फरक केला आहे. अभयारण्यातील लोकांचे पूर्वापार हक्क विहित प्रक्रियेनंतर सुरू ठेवता येतात. गावकऱ्यांवरही निर्बंध आहेतच, आणि पक्ष्यांनी हरभऱ्याच्या किंवा गव्हाच्या पिकाचे नुकसान केले तर ते तेच सोसतात. पर्यटक काही तासांसाठी येतो, त्याची उपजीविका तेथे अडलेली नसते. त्यामुळे दोघांना एकाच मापाने मोजणे रास्त नाही. शेतातून जाताना बांधावरूनच चालावे आणि मालकाला विचारल्याशिवाय द्राक्षबागेत शिरू नये.

१८. जखमी पक्षी सापडला तर काय करावे?

त्याला पाणी पाजू नये आणि जबरदस्तीने खायलाही घालू नये. सुती कापड हलकेच टाकून तो झाकावा, हवेची छिद्रे असलेल्या खोक्यात, शांत आणि अंधाऱ्या जागी ठेवावा, आणि तेथील वन कर्मचाऱ्यांना किंवा वन विभागाच्या १९२६ या मदत क्रमांकावर ताबडतोब कळवावे. मोठे बगळे आणि करकोचे यांना पकडताना आपले डोळे जपावेत, ते चोच थेट चेहऱ्यावर मारतात. संक्रांतीच्या सुमारास नाशिक आणि येवला परिसरात मांजात अडकलेले पक्षी अधिक सापडतात. अशा पक्ष्याच्या पंखात रुतलेला दोरा ओढून काढू नये. दोन्ही बाजूंनी कापून तो पक्षी तसाच उपचारांसाठी द्यावा. बंदी असलेला नायलॉन मांजा विकला जाताना दिसल्यास पोलिसांना कळवावे.

१९. पायात कडे किंवा मानेत पट्टा असलेला पक्षी दिसला. तो पाळीव असतो का?

नाही. स्थलांतराचा अभ्यास करण्यासाठी संशोधक पक्ष्यांना अशी खूण करतात. मंगोलियात मानेत पट्टा घातलेले पट्टकादंब भारतात दिसल्याच्या नोंदी आहेत, आणि भारतात पक्ष्यांना कडी घालण्याचे काम मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी अनेक दशके करत आली आहे. पट्ट्याचा रंग, त्यावरील अक्षरे व अंक, तारीख, वेळ आणि जागा टिपून ठेवावी, दुरूनच छायाचित्र काढावे आणि ही माहिती सोसायटीकडे तसेच वन विभागाकडे पाठवावी. अक्षरे वाचण्यासाठी पक्ष्याच्या मागे जाऊ नये. अर्धवट वाचलेला क्रमांकही उपयोगी पडतो, कारण पट्ट्याचा रंग आणि उरलेली अक्षरे यांवरून संशोधकांना पुष्कळदा तो पक्षी ओळखता येतो.